साहेबाचा माणूस

“बाई, तेका इचारा, ओटी खंय घालू?”

चंद्रीमामी सूप हातात धरून माझ्या पडवीत उभ्या होत्या. सुपात नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि हिरवा खण. समोर खुर्चीत वेंडी हॉलिस बसली होती, पँट आणि पांढरा सुती शर्ट घालून. पदर नव्हता, त्यामुळे मामींची पंचाईत झाली होती.

मी वेंडीला इंग्रजीत सांगितलं, “या बाईंना तुमची ओटी भरायची आहे. तुम्ही माहेरी आलात ना, म्हणून.”

“कुणाच्या माहेरी?”

“तुमच्या आजोबांच्या. म्हणजे खापरपणजोबांच्या पलीकडच्या त्या कुणाच्या तरी.”

वेंडीने चष्मा काढून पुसला. ती इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या कुठल्याशा शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती आणि तिची चष्मा पुसायची तऱ्हा थेट आमच्या हेडबाईंसारखी होती. मला एकदम सरळ बसावंसं वाटलं. शेवटी मामींनी दोरीवरचा माझा टॉवेल ओढला, तो तिच्या खांद्यावरून पदरासारखा घेतला आणि त्यात ओटी घातली. नारळ घरंगळला तो वेंडीने क्रिकेटच्या चेंडूसारखा अलगद झेलला. मामी इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली.

“आता सायबाक सांगा म्हणावं,” जाता जाता मामी म्हणाल्या, “माझ्या थोरल्याचा लगीन जमूक व्हया. तेचा चेडू सांगीत तर तो आयकात.” चेडू म्हणजे पोर; मामींच्या हिशेबात वेंडी साहेबाची लेकच होती.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होत आली. मी तेव्हा आडबंदरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. गावात इंग्रजी बोलायची वेळ कुणावरच येत नसे, माझ्यावरही नाही. त्यामुळे माझ्या इंग्रजीविषयी गावात फार मोठा आदर होता. वेंडी एसटीतून उतरल्याबरोबर लोकांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं.

आमच्या गावाला साहेब आहे. बंदराच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उंडीच्या झाडाखाली त्याची काळ्या दगडाची कबर आहे. त्यावर त्याचं नाव, जॉर्ज हॉलिस, आणि १७६६ हे साल एवढंच अजून वाचता येतं. पूर्वी कंपनीच्या फौजेने इथली गढी थोडे दिवस बळकावली होती. त्या फौजेतला हा एक अधिकारी तापाने मेला आणि इथेच राहिला. माणूस म्हणून मेला आणि देव म्हणून उठला. आमच्याकडे हे होतं. साहेबाला पाव, ब्रँडी आणि चिरूट चालतो. चिरूट महागल्यापासून विडी चालू लागली, त्याबद्दल त्याने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ब्रँडीत सोडा मात्र लागतो, आणि तो घनामामांच्या दुकानातलाच लागतो. कबरीची पूजाअर्चा घनःशाम राऊळ, म्हणजे घनामामा, यांच्या घराण्याकडे आहे आणि गावात गोटीसोड्याचं दुकानही त्यांचंच आहे, हा योगायोग. चंद्रीमामी त्यांची बायको.

मामी गेल्यावर वेंडी मांडीवरच्या तांदळांकडे पाहत बसली. मग म्हणाली, “मी मान घ्यायला आले नाहीये, मिसेस नेरूरकर. मला तो कसा माणूस होता हे शोधायचंय.”

तिने सगळं सांगितलं. तिचे वडील नव्वदीच्या घरात होते. आपल्या घराण्यातला हा शूर शिपाई परक्या मुलखात बेवारशासारखा पडलाय, याची त्यांना जन्मभर खंत होती. त्यांनी संगमरवरी पाटी करायला सांगितली होती. सावंतवाडीत एका कारागिराकडे ती जवळजवळ तयारही होती. नाव, साल, आणि खाली वडिलांनी दिलेली ओळ: शूर शिपाई आणि सज्जन माणूस. ही शेवटची ओळ वेंडीने थांबवून धरली होती.

“का?” मी विचारलं.

“कारण इथे येण्याआधी हा एका जहाजावर होता. ते मादागास्करहून मुंबईला माणसं घेऊन आलं होतं. विकत घेतलेली माणसं. कंपनीला बांधकामाला हवी होती. हा त्या जहाजावर पहाऱ्याला होता, एवढं लंडनमध्ये सापडलं. हुकूम झाला म्हणून गेला असेल, असं मी स्वतःची समजूत घालत होते. पण बरेच अधिकारी त्यातला एखादा माणूस स्वतःसाठी ठेवून घ्यायचे. याने ठेवला होता का, ते मला कुठेच सापडलं नाही.”

“आणि ठेवला असला तर?”

“तर वडिलांना ‘सज्जन’ शब्द काढा म्हणून सांगावं लागेल. ते पाटीच्या फोटोची वाट बघत जगतायत. उगाच संशयावरून मी त्यांना दुखावणार नाही. आणि खरं असेल तर तो शब्द दगडात कोरू देणार नाही.”

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. मला तिची कीव आली आणि थोडा हेवाही वाटला. आमच्या आजोबा-पणजोबांनी काय काय केलं असेल ते शोधायला कुणी एवढ्या लांब जाणार नव्हतं; ते बऱ्याचदा अंगणातच सापडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घनामामांकडे घेऊन गेले. मामांनी तिला सोडा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि घेतले नाहीत हे दोनदा बोलून दाखवलं.

“मामा, हिका इचारूचा हा, सायब कसो होतो?”

“कसो म्हणजे? देव तो!” मामा सरसावले. “परबाचो रेडो हरवललो, तो सायबान दाखवल्यान. तलाठ्याच्या झिलाक धावीक पास केल्यान. तिसऱ्या खेपेक केल्यान, पण केल्यान.”

मी भाषांतर केलं. वेंडीने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाली, “पण माणूस म्हणून? जिवंत असताना?”

मामा विचारात पडले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“जितो असताना कसो होतो ता आमका खंय म्हायत?” ते शेवटी म्हणाले. “आमची नि तेची वळख तो मेल्यार झाली.”

हे ऐकून वेंडी इतकी हसली की सोडा तिच्या नाकात गेला. मामांना वाटलं सोडा आवडला. त्यांनी दुसरी बाटली फोडली.

साहेबाचं वार्षिक, म्हणजे वर्षातून एकदाची गावपूजा, त्याच आठवड्यात होतं. वेंडी त्यासाठीच माघ महिना गाठून आली असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिला बिचारीला माघ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. साहेबाच्या घरचं माणूस वार्षिकाला हजर, असं कुणाच्या आठवणीत घडलं नव्हतं. मामांनी ठरवलं की तिला गाऱ्हाण्यात भाग घेता आला पाहिजे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सर्वांच्या वतीने घातलेलं साकडं. एकजण मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मामा रोज संध्याकाळी दुकान बायकोवर टाकून माझ्या पडवीत येऊ लागले, वेंडीला ‘होय म्हाराजा’ शिकवायला.

“हॉय माराजा,” वेंडी म्हणायची.

“हॉय न्हय. होय. पोटातसून काढ.”

ती मन लावून शिकली. चहा हवा का विचारलं की ‘होय म्हाराजा’. झोप लागली का, ‘होय म्हाराजा’. एकदा कावळ्याने तिचा बिस्किटाचा तुकडा पळवला तेव्हाही तिने त्याला हात जोडून तेच ऐकवलं. गाव खूश होता. संगमरवरी पाटी येणार, साहेबाची पोर ‘होय म्हाराजा’ म्हणणार, आता सड्यापर्यंत डांबरी रस्ता व्हायला काहीच हरकत नाही, असं सरपंच बोलू लागले होते.

वार्षिकाच्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही सड्यावर चढलो. वेंडीने मामींचं लुगडं नेसलं होतं, म्हणजे मामींनी तिला ते नेसवून वरून पाच-सहा पिना ठोकल्या होत्या. कबर धुऊन लख्ख केली होती. तिच्यावर पाव, ब्रँडीची बाटली, सोडा आणि विड्यांचं बंडल होतं. गाव जमला होता.

मामांनी पहिला नारळ उचलला आणि ते कबरीकडे न जाता गडग्याच्या, म्हणजे भोवतीच्या दगडी कुंपणाच्या, बाहेर गेले. तिथे एक लहानसा नाव-गाव नसलेला दगड जमिनीतून वर आला आहे. पहिला नारळ तिथे फुटला.

“तो कुणासाठी?” वेंडीने माझ्या कानाशी विचारलं.

“पहिला मान त्या दगडाचा असतो,” मी म्हणाले.

“साहेबाच्या आधी?”

खरं सांगायचं तर यात विचारण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आमच्या गावात मानावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून होळीला डोकी फुटली आहेत. पण साहेबाच्या आधी त्या दगडाला नारळ, यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

“तो साहेबाचा राखणदार,” मी म्हणाले. “साहेबाचा माणूस म्हणतात त्याला.”

तोवर मामांनी पिशवीतून साहेबाचं कडं काढलं होतं. ते वर्षभर मामांच्या देव्हाऱ्यात असतं. जाड, काळं लोखंडी कडं, एका बाजूला बिजागरी, मिटलेलं. गावात कुणा बाईचं बाळंतपण अडलं तर त्या कड्यावरून ओतलेलं पाणी तिला पाजतात. माझ्या वेळी माझी आईही ते प्यायली होती. देवाला चांदीचे वाळे असतात, साहेब परदेशी म्हणून त्याचं लोखंडी, असंच आम्ही धरून चाललो होतो. मामांनी ते मिटलेलं कडं कबरीवर ठेवलं आणि घसा खाकरला.

“बा देवा सायबा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. वेंडीचा आवाज सर्वांत खणखणीत होता. बायका कौतुकाने एकमेकींकडे बघू लागल्या.

“तू खंयचो, आमी खंयचे, पण आमच्या मातयेत इलंस नि आमचो झालंस रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज जा काय तुझा चेडू सात समुद्रापलीकडसून तुझ्या पायाकडे इला हा, तेची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

मी प्रत्येक वाक्य तिच्या कानात इंग्रजीत सांगत होते. मग मामांनी दोन्ही हात कड्यावर ठेवले आणि दरवर्षी विचारतात तेच विचारलं.

“तुझ्या माणसाक सोडलंस काय रे म्हाराजा?”

दरवर्षी यावर सगळा गाव साहेबाच्या वतीने ‘होय म्हाराजा’ म्हणतो, मामा कडं उघडतात, नेऊन त्या लहान दगडावर ठेवतात आणि मग विडी पेटते. या वेळी लोक तोंड उघडणार तोच मामांनी हात वर केला.

“थांबा! यंदा आपण कित्या सांगूचा? घरचा माणूस हजर हा. तेकाच सांगांदेत.”

लोकांनी माना डोलावल्या. मामांना ऐन वेळी सुचलेली ही गोष्ट सगळ्यांनाच पटली.

“ते साहेबाला विचारतायत,” मी वेंडीला म्हणाले, “तुझ्या माणसाला सोडलंस का? त्याच्या वतीने उत्तर तुम्ही द्यायचंय.”

“कुठल्या माणसाला?”

मी मामांना विचारलं. मामांनी, गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तशा सुरात, सांगून टाकलं. “तो काय थंय गडग्याभायर. सायब मेलो, बाकीचे गोरे आगबोटीत बसान गेले, नि सायबाचो माणूस हयच ऱ्हवलो. काळो, दांडगो, आमची भाषा येय नाय तेका. आमच्या लोकांनी जेवक घातला. मगे तो पण मेलो. मेल्यार वाडीक त्रास होवक लागलो म्हणान कौल लावलो, तर तेणा सांगल्यान, ‘सायबान माका सोडल्यान असा तेच्या तोंडसून आयकवा, मगे जातलंय.’ तेवापासून आमी दरवर्षी आयकवतो.”

आगबोट त्या काळी नव्हती, पण बाकी सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते; वेंडीच्या शोधाशी ते जोडावं असं मात्र कधी सुचलं नव्हतं. गावातल्या दहा भुतांच्या गोष्टींमधली ती एक होती. मी ती इंग्रजीत सांगू लागले आणि सांगता सांगताच माझा आवाज उतरला. परक्या भाषेत सांगितल्यावर ती भुताची गोष्ट राहिली नाही.

वेंडी पुढे झाली. तिने कबरीवरचं कडं उचललं, बिजागरीवरून बोट फिरवलं.

“हा दागिना नाही,” ती मला म्हणाली. “मी असलं संग्रहालयात काचेमागे ठेवलेलं पाहिलंय. हे पायात अडकवतात.”

आई ते पाणी प्यायली होती, हे एकच माझ्या मनात राहिलं.

लोकांना वाटलं तिला शब्द आठवेना. चारी बाजूंनी मदत सुरू झाली. “होय म्हाराजा म्हण गो!” “होय म्हण, होय!” चंद्रीमामी तर ओठ हलवून तिला दाखवू लागल्या. एवढे दिवस कावळ्यालासुद्धा होय म्हणणारी वेंडी तोंड मिटून उभी होती. मग ती माझ्याकडे वळली.

“त्यांना सांगा, नाही. त्याने सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर या लोकांना दरवर्षी विचारावं लागलं नसतं.”

“काय म्हणता ता?” मामांनी विचारलं.

“नाय म्हणता,” मी सांगितलं. “सायबान सोडूक नाय म्हणता. ह्या कडा तेच्या पायातला म्हणता.”

देवाला नाही म्हणायची सोय गाऱ्हाण्यात नसते. मामा एकदा कबरीकडे, एकदा गडग्याबाहेर पाहू लागले. सोड्याच्या बाटलीवर माशी बसली होती, तीही त्यांना दिसेना. मला वाटलं आता रागावतात. त्यांचा साहेब होता, त्यांच्या घराण्याचा मान होता.

“म्हणजे,” मामा सावकाश म्हणाले, “आमी इतकी वर्सां तेच्या वतीन खोटाच बोलत इलाव.”

त्यांनी विड्यांचं बंडल उचललं आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं.

“तरीच तो बापडो जायना,” मामा म्हणाले. मग ते वेंडीकडे वळले. “मगे तूच सोड. सायबाचा घर तुझा, तेचो माणूस बांधललो तोय तुझ्याच घरान.”

मी सांगितलं. वेंडीने कडं दोन्ही हातांत धरून ओढलं. उघडेना. एरवी मामा आठ दिवस आधीपासून त्याला खोबरेल घालतात आणि एका हिसक्यात उघडतात. यंदा ‘होय म्हाराजा’ शिकवण्याच्या नादात तेल घालायचं राहून गेलं होतं. ती ओढत राहिली. लुगड्याच्या पिना सुटल्या, बोटं लाल झाली. दोघे-तिघे मदतीला सरसावले तेव्हा मामा ओरडले, “कोणी हात लावूचो नाय!”

“हात नाय लावणंय, तेल तरी घालूक देशात?” चंद्रीमामी त्यांच्यावर खेकसल्या. त्यांनी साहेबापुढची पणती उचलली आणि त्यातलं तेल बिजागरीवर ओतलं. “दिवसभर ह्यांचा होय म्हाराजा, होय म्हाराजा. कामाची शुद्ध नाय.”

वेंडीने पुन्हा जोर लावला. कडं करकरलं आणि उघडलं. ती रडत होती. गडग्याबाहेर जाऊन तिने ते त्या लहान दगडावर ठेवलं आणि कुणी न सांगता दोन्ही हात जोडून म्हणाली, “होय म्हाराजा.”

मग सगळा गाव म्हणाला. मीही म्हणाले. इतकी वर्षं सवयीने म्हणत होते, त्या दिवशी पहिल्यांदा त्या दगडाकडे बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातल्या एसटीडी बूथवरून वडिलांना फोन लावला. मी बाहेर बाकावर बसले. काचेतून ती दिसत होती. थोडं बोलली, मग बराच वेळ नुसती रिसीव्हर धरून उभी राहिली. बूथवाल्याला वाटलं लाइन तुटली. तो आत डोकवायला निघाला, त्याला मी बसवलं.

ती बाहेर आली. “बाबांनी त्याचं नाव विचारलं,” ती म्हणाली. “त्या माणसाचं. मी म्हटलं, कुणालाच ठाऊक नाही. मग म्हणाले, तर मग तो शब्द नको.”

संगमरवरी पाटी आली तेव्हा तिच्यावर साहेबाचं नाव आणि साल होतं, आणि खाली इंग्रजीत व मराठीत एक ओळ: याने एका माणसाला बांधून ठेवलं होतं, त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही. मराठी माझं आहे. पाटी साहेबाच्या कबरीवर नाही, गडग्याबाहेरच्या दगडाशी बसवली. रस्ता काही अजून झालेला नाही.

वेंडी गेली, आणि पुढच्या वर्षीचं माघातलं वार्षिक आलं. घनामामांनी पहिला नारळ नेहमीसारखा बाहेर फोडला. मग पिशवीतून कडं काढलं तर ते उघडंच. वर्षभर त्यांनी ते देव्हाऱ्यात मिटूच दिलं नव्हतं. चंद्रीमामींनी एकदा सवयीने मिटलं तर म्हणे दिवसभर बोलले नाहीत.

मामांनी ते उघडं कडं त्या लहान दगडावर नेऊन ठेवलं आणि ते साहेबापुढे उभे राहिले. लेकराबाळांना सांभाळ, होड्या किनाऱ्याला लाव, सगळं म्हणून झालं. आम्ही होय म्हाराजा, होय म्हाराजा करत गेलो. नेहमीच्या प्रश्नाची जागा आली तसे मामा थांबले.

मामांनी बंडलातून एक विडी काढली, स्वतः दोन झुरके मारून नीट पेटवली आणि कबरीच्या कडेवर ठेवली.

“आता तुका इचारूचा काय ऱ्हवला नाय,” ते साहेबाला म्हणाले. “विडी ओढ.”